दीक्षाभूमी स्तूप, नागपूर
आधुनिक बौद्ध वास्तू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लक्षावधी अनुयायांसह जेथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या जागी ती उभारलेली आहे. वास्तुशिल्पी शिवदान मल यांच्या आराखड्यानुसार १९७८ मध्ये बांधकामास प्रारंभ झाला. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले. सु. ३६ मी. व्यासाचा घुमट व चारही दिशांची प्रवेशद्वारे सांचीच्या स्तूपाशी नाते सांगतात. साम्य मात्र बाह्यांगापुरतेच आहे. सांचीचे अंड भरीव असल्याने उपासक त्यास बाहेरून प्रदक्षिणा घालतो. येथील अंड पोकळ असून आतील प्रशस्त वर्तुळाकार सभागृहात बाबासाहेबांच्या अस्थी जतन केल्या आहेत. नासिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून ज्यांना १९३० मध्ये सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या परंपरेतील हा स्तूप सर्वांना आत घेतो, हेच या बदलाचे मर्म म्हणावे लागेल. प्राचीन शिल्पकार संबोधीचा प्रसंग बुद्धमूर्तीऐवजी बोधिवृक्ष व रिक्त आसन यांनी सूचित करीत. येथे प्रत्यक्ष बोधिवृक्षच प्रांगणात आहे. त्याच्या फांद्या भदंत आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतून आणल्या होत्या.