अग्निबाण आणि हवाई छत्री

अग्निबाण आकाशांत झेपावतो तें दृश्य पाहण्यास हजारों लोक जमतात. परंतु त्याचा रिकामा झालेला भाग खालीं कसा येतो, याची उत्सुकता थोड्यांसच असते. वास्तविक चढणाऱ्या यंत्राची परीक्षा त्याच्या उतरण्यांतहि होत असते. अमेरिकेंत २००९ सालीं झालेलें एक चाचणी-उड्डाण या दृष्टीनें उद्बोधक आहे.

मनुष्यास पुन्हां चंद्रावर नेण्यासाठीं नासा या संस्थेनें त्या काळीं ‘एरीज-१’ नांवाचा अग्निबाण योजिला होता. ‘एरीज-१-एक्स’ हा त्याचा पहिला नमुना. उंची ३२७ फूट, बांधा पेन्सिलीसारखा सडपातळ. त्याचा खालचा टप्पा तेवढा खरा होता. १९८१ पासून अमेरिकन अवकाशयानांच्या दोन्ही बाजूंस जोडल्या जाणाऱ्या घन इंधनाच्या बूस्टरांवरूनच तो घडविलेला होता. वरचा टप्पा व प्रवाशांची कुपी हीं केवळ आकाराचीं व वजनाचीं प्रतिरूपें होतीं. ताण, कंप व उष्णता मोजण्यास ७०० हून अधिक मापक उपकरणें बसविलेलीं होतीं.

२७ ऑक्टोबर रोजीं फ्लोरिडांतील केनेडी केंद्रावर सारी सिद्धता झाली. पण विघ्नें एकामागून एक आलीं. अग्निबाणाच्या टोंकावरील उपकरणाचें आच्छादन काढतांना अडकलें. एक मालवाहू जहाज समुद्रांतील निषिद्ध क्षेत्रांत शिरलें. ढगांतून जातांना घर्षणानें वीज उत्पन्न होऊन संदेश बिघडतील, ही धास्ती तर होतीच. अखेर उड्डाण दुसऱ्या दिवसावर गेलें.

२८ ऑक्टोबरला सकाळीं साडेअकरा वाजतां अग्निबाण उठला. दोन मिनिटें इंधन जळलें. वेग ध्वनीच्या साडेचार पटींहून अधिक झाला. नंतर टप्पे विलग झाले आणि वरचें प्रतिरूप गटांगळ्या खात अटलांटिकांत गडप झालें. तें परत मिळविण्याचा बेत नव्हताच. बूस्टर मात्र परत हवा होता.

अशा जड वस्तूस एकच छत्री पुरत नाहीं. प्रथम एक लहान छत्री उघडते व ती दुसरीस ओढून काढते. दुसरी बूस्टरास उभा करून त्याचा वेग आवरते. शेवटीं तीन मुख्य छत्र्या पसरतात. प्रत्येकीचा व्यास १५० फूट! त्या एकदम फुलल्या तर हवेच्या धक्क्यानें फाटतील, म्हणून दोरांनीं आंवळून टप्प्याटप्प्यानें उघडाव्या लागतात. त्या दिवशीं तिघींपैकीं एक पार मिटली, दुसरी अर्धवटच फुगली. बूस्टर अपेक्षेहून जोरानें पाण्यावर आदळला व त्याच्या कवचास पोंचा पडला. तरीहि तो समुद्रांतून ओढून आणतां आला. १९८२ च्या जूनमध्यें छत्र्यांच्याच दोषानें एका उड्डाणाचे दोन्ही बूस्टर बुडाले होते. त्या मानानें हें नशीब बरेंच.

उड्डाण सुमारें सहा मिनिटांचें होतें. चढण्याचा प्रश्न त्यानें बव्हंशीं सोडविला, उतरण्याचा उघडा पाडला; आणि दोष उघडा पाडणें हेंच तर चाचणीचें काम! पुढें फेब्रुवारी २०१० मध्यें ती योजनाच गुंडाळण्याचा प्रस्ताव आला व एरीज-१ पुन्हां उडाला नाहीं. त्याच वंशाचे, पण अधिक लांबीचे बूस्टर १६ नोव्हेंबर २०२२ रोजीं चंद्राकडे जाणाऱ्या दुसऱ्या अग्निबाणास जोडलेले होते. त्यांना छत्र्या नव्हत्या. उड्डाणें थोडीं असतां बूस्टर परत आणण्याचा खटाटोप परवडत नाहीं आणि छत्र्यांचें वजन वांचलें तर तेवढें सामर्थ्य वर नेण्याच्या कामीं येतें, असा हिशेब झाला. जें एकदां कष्टानें समुद्रांतून काढलें जाई, तें आतां समुद्रासच अर्पण होतें.