देशोदेशींचे वेड

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतून तासभर फेरफटका मारला, तर मराठी, कानडी, तेलुगू आणि उर्दू या चारी भाषा सहज कानी पडाव्यात. चादरीचा भाव या चारी भाषांत ठरतो आणि भांडणही चारी भाषांत रंगते. आता अशी कल्पना करा, की एखाद्या डॉक्टराने इथल्या माणसांना एकच प्रश्न विचारावयाचा ठरविला: ‘तुमच्या डोक्यातले विचार दुसऱ्याच कोणीतरी आत घातलेले आहेत, असे तुम्हांला वाटते काय?’ प्रश्न साधा दिसतो. पण पंढरपूर याच जिल्ह्यातले! एखादा वारकरी हात जोडून म्हणेल, ‘घालणारा विठ्ठल, आम्ही कोण?’ त्याला वेडा ठरविणारा डॉक्टरच वेडा ठरेल. उलट, शेजारी तार टाकून माझे विचार ओढून घेतो, असे सांगत रात्र रात्र भिंतीला कान लावून बसणारा तरुण खरोखर आजारी असतो. हा भेद घरच्यांना शब्दावाचून कळतो. शास्त्राला मात्र तो कळावयास पुष्कळ वर्षे लागली.

वेड सगळ्या मनुष्यजातीत एकच आहे, की जसा देश तसे वेड? हा प्रश्न घेऊन एमिल क्रेपेलिन हा जर्मन पंडित 1904 साली थेट जावा बेटावर गेला आणि तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात रोगी तपासू लागला. त्याच्या मते रोग तोच होता, पण त्याचा वेश निराळा होता. पुढे 1908 साली ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टराने या रोगाला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव दिले. मराठीत त्याला आपण छिन्नमनस्कता म्हणतो. शब्द भारदस्त आहे, पण ज्या घरात हा रोग शिरतो तिथे तो शब्द कोणी उच्चारीत नाही. तिथे ‘बाहेरचे काहीतरी’ एवढेच कुजबुजले जाते.

आपल्याकडे इंग्रज सरकारने 1858 साली वेड्यांसाठी कायदा केला. ठाण्याचे मनोरुग्णालय 1901 साली उभे राहिले. सोलापूरकरांच्या तोंडी मात्र येरवड्याचे नाव. पण या सगळ्या इस्पितळांची ऐपत ती किती? भोर समितीने 1946 साली मोजले, तेव्हा अखंड हिंदुस्थानात मनोरुग्णांसाठी खाटा होत्या जेमतेम दहा हजार. उरलेले लाखो रोगी घरीच होते. कोणी सांभाळलेले, कोणी खोलीत कोंडलेले.

या घरांकडे संशोधकांचे लक्ष गेले ते 1960 नंतरच्या दशकात. जागतिक आरोग्य संघटनेने नऊ ठिकाणे निवडली: लंडन, मॉस्को, वॉशिंग्टन, प्राग, डेन्मार्कचे आरहुस, कोलंबियातील काली, तैवानचे तैपेई, नायजेरियाचे इबादान आणि आपले आग्रा. एकूण 1202 रोगी तपासले गेले. प्रश्नावली एकच, पण ती हिंदीत, योरुबात, रशियनमध्ये, चिनीमध्ये उतरवावयाची होती. एकाने भाषांतर करावयाचे, दुसऱ्याने मूळ न पाहता ते पुन्हा इंग्रजीत आणावयाचे, आणि मग दोन्ही ताडून पाहावयाचे. आग्र्याचे काम डॉ. के. सी. दुबे यांनी पाहिले. पहिला अहवाल 1973 साली निघाला: रोग सर्वत्र ओळखता येतो. एवढे अपेक्षितच होते. चकित करणारी गोष्ट पुढे आली, 1979 च्या अहवालात. दोन वर्षांनी त्याच रोग्यांना पुन्हा भेटले, तेव्हा आग्रा आणि इबादान येथील रोगी लंडन-वॉशिंग्टनच्या रोग्यांपेक्षा अधिक सुधारलेले आढळले!

पैसा, औषधे, डॉक्टर सगळे तिकडे, आणि बरे होणारे इकडे. पंडितांना हे कोडेच पडले. म्हणून दहा देशांत बारा ठिकाणी पुन्हा अभ्यास झाला. या वेळी आपल्याकडून आग्र्याबरोबर चंडीगडही होते. निष्कर्ष 1992 साली सविस्तर प्रसिद्ध झाले. काटेकोर व्याख्येने पाहिले तर, जिथे मोजता आले तिथे, रोगाचे प्रमाण फारसे वेगळे नव्हते. पण दोन वर्षांत लक्षणे पूर्णपणे ओसरलेले रोगी श्रीमंत देशांत सुमारे 37 टक्के, तर आपल्यासारख्या देशांत सुमारे 63 टक्के.

का? पुष्कळांनी एकत्र कुटुंबाचे नाव घेतले, आणि त्याला एक आधारही होता. अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी 1950 नंतरच्या वर्षांत रोग्यांच्या नातेवाइकांना आवारातच तंबू ठोकून राहू दिले. आई, बायको, भाऊ जवळ असले की रोगी लवकर निवळतो आणि नातेवाईकही रोग समजून घेऊन गावी परततात, हा त्यांचा अनुभव. नायजेरियात डॉ. लाम्बो यांनी 1954 पासून खेड्यातल्या घरांतच रोगी नातेवाइकांसह ठेवले. दोघांनाही पैशाची टंचाई होती, आणि टंचाईतूनच युक्ती सुचली, हे मला तरी मोठे मनोरम वाटते.

पण ‘आपले कुटुंब, आपली संस्कृती’ म्हणून पाठ थोपटून घेण्याची घाई नको. आलेक्स कोहेन, मुंबईत जन्मलेले व गोव्यात ‘संगत’ संस्था काढणारे विक्रम पटेल, चेन्नईच्या आर. तारा आणि नायजेरियाचे गुरेजे यांनी 2008 साली अकरा देशांतील तेवीस अभ्यास तपासले, तेव्हा हे चित्र इतके गुलाबी दिसले नाही. कित्येकांना कधी औषध मिळालेच नव्हते. आणि सांभाळणारे ‘कुटुंब’ म्हणजे बहुधा एकच बाई, आई किंवा बायको, हे आकड्यांत कुठे दिसते? तमिळनाडूतील एरवाडी येथे 2001 च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेले रोगी पळू शकले नाहीत. त्यांनाही नातेवाइकांनीच तिथे आणून सोडले होते.

त्यानंतरचा एक प्रयोग आपल्या घरचाच आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडूचे कांचीपुरम येथे 282 रोग्यांवर एक अभ्यास झाला व 2014 साली प्रसिद्ध झाला. डॉक्टरांच्या उपचाराबरोबरच गावातल्याच साध्या, पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी रोग्याच्या घरी जावयाचे, औषधाची आठवण द्यावयाची, कामधंद्याला हात लावावयाचा. वर्षभरात फायदा झाला, पण बेताचाच. तो कांचीपुरमच्या खेड्यांत अधिक दिसला. बेताचा असला तरी मला तो थोर वाटतो, कारण त्यात कोणी चमत्कार सांगितला नाही.

रोगाचे नाव मोठ्याने घ्यावयास मराठी घरांना शिकविले ते एका चित्रपटाने. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 2004 च्या ‘देवराई’त छिन्नमनस्क शेष साकारणारे अतुल कुलकर्णी यांची नाट्यवृत्ती घडली सोलापुरातच, हे इथल्या वाचकांना मुद्दाम सांगावयास नको.

आणखी एक मोजणी कांचीपुरम, इबादान व त्रिनिदाद बेटावर झाली. रोगी इस्पितळात येतील ही वाट न पाहता कार्यकर्ते मांत्रिक, भगत, देवळे आणि प्रार्थनास्थळे यांच्याकडे जाऊन विचारीत: तुमच्याकडे नवे कोण आले? रोगाचे प्रमाण त्रिनिदादला उरलेल्या दोहोंहून पुष्कळ जास्त निघाले. सोलापूर जिल्ह्यात अशी शिरगणती करावयाची झाली, तर इस्पितळांची दारे ठोठावून भागणार नाही. वाडीकडे जाणारी गाडी धरून गाणगापूर रोडला उतरावे लागेल, आणि आरतीच्या वेळी देवळात घुमणाऱ्यांच्या मागे जी माणसे गाठोडी घेऊन, मुकाट, हात जोडून उभी असतात, त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलावे लागेल.