पांढऱ्याचे प्रमाण : लोहाराच्या भट्टीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत

शुभ्र, दुधाळ, मोतिया, हस्तिदंती, पांढुरका अशा पांढऱ्याच्या छटा मराठीत पूर्वापार वेगळ्या ओळखल्या जातात. परंतु त्यांतला खरा पांढरा कोणता, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही, कारण माणूस ज्या उजेडात काही काळ वावरतो त्या उजेडालाच त्याचा डोळा पांढरा मानू लागतो. मोबाइलच्या पडद्यावर उमटणाऱ्या कोऱ्या पानाचा पांढरा मात्र असा सैल असून चालत नाही. तो कारखान्यात उपकरणाने मोजला जातो आणि त्यासाठी एक आकडा आधीच ठरलेला असतो. हा आकडा निसर्गाने दिलेला नसून भट्ट्या, दिवे, कापड, कागद आणि दूरचित्रवाणी यांच्याशी झगडणाऱ्या माणसांनी सुमारे पावणेदोनशे वर्षांत एकमेकांशी केलेल्या करारांतून तो घडला आहे, आणि पडद्याच्या अचूकतेची आजची चर्चा या करारांचा इतिहास ध्यानात घेतल्याशिवाय नीट कळत नाही.

या इतिहासाचा आरंभ तापलेल्या धातूपाशी होतो. भात्याने फुललेल्या निखाऱ्यांत ठेवलेले लोखंड आधी काळसर तांबडे, मग लालबुंद, मग नारिंगी, पिवळे आणि शेवटी डोळे दिपवणारे पिवळट पांढरे होते, आणि घण कधी घालायचा हे लोहार कोणत्याही तापमापकाविना त्या रंगावरूनच ओळखतो. इंग्लंडमधील चिनी मातीच्या भांड्यांचे प्रसिद्ध कारखानदार जोसाया वेजवुड यांचे पुत्र थॉमस यांनी १७९२ मध्ये असे नोंदवले की, निरनिराळे पदार्थ सारख्याच तापमानाला लाल तेजाने उजळू लागतात. म्हणजे हा रंग पदार्थाचा नसून उष्णतेचा आहे. गुस्टाव्ह किर्कहोफ यांनी १८६० च्या सुमारास या निरीक्षणाला सिद्धान्ताचे रूप दिले आणि आपल्यावर पडणारा सर्व प्रकाश शोषून घेणाऱ्या, व म्हणूनच तापल्यावर केवळ तापमानानुसार प्रकाश देणाऱ्या, आदर्श 'कृष्णवस्तू'ची कल्पना मांडली. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्ग भागात १८८७ मध्ये स्थापन झालेल्या भौतिकी व तंत्रविज्ञानाच्या राष्ट्रीय संस्थेत ओटो लुमर आणि अर्न्स्ट प्रिंग्सहाइम यांनी तापलेल्या पोकळीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची बारकाईने मोजणी केली, आणि त्यामागे दिव्यांच्या उद्योगाला प्रकाशाचे विश्वसनीय प्रमाण हवे होते हेही एक कारण होते. त्या मोजणीचा अर्थ लावतानाच माक्स प्लांक यांनी १४ डिसेंबर १९०० रोजी आपले प्रसिद्ध सूत्र सिद्धान्तासह मांडले. अशा रीतीने ज्या प्रश्नातून पुंजभौतिकी जन्मली, त्याच प्रश्नातून 'रंगतापमान' ही संकल्पनाही आकाराला आली : एखाद्या प्रकाशाचा रंग ज्या तापमानाच्या कृष्णवस्तूच्या रंगाशी जुळतो, ते केल्विन या एककात सांगितलेले तापमान म्हणजे त्या प्रकाशाचे रंगतापमान.

या मापाने मेणबत्तीची ज्योत सुमारे १,९०० केल्विन, टंगस्टनचा घरगुती बल्ब सुमारे २,८००, दुपारचे ऊन सुमारे ५,५००, ढगाळ आकाश सुमारे ६,५०० आणि निरभ्र निळे आकाश १०,००० केल्विनच्याही पुढे भरते. बोलण्यात पिवळसर प्रकाशाला उबदार आणि निळसर प्रकाशाला थंड म्हटले जात असले, तरी भौतिकीच्या दृष्टीने निळसर प्रकाश हाच अधिक तापलेल्या वस्तूचा असतो, आणि मोबाइलच्या सेटिंगमधली पट्टी 'थंड' बाजूला सरकवली की केल्विनचा आकडा वाढतो तो यामुळेच. शिवाय या आकड्यांतील समान अंतरे डोळ्याला समान वाटत नाहीत. वॉशिंग्टन येथील अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेतील अर्विन प्रीस्ट यांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी हे ओळखून, दहा लाखाला केल्विनने भागून मिळणारे 'मायरेड' हे माप सुचवले. त्यानुसार २,८०० आणि ३,००० केल्विनमधील फरक सुमारे २४ मायरेड भरतो, तर ९,३०० आणि ९,५०० केल्विनमधील तेवढाच फरक अवघा २ मायरेडच्या आसपास राहतो. दुसरी मर्यादा अधिक गंभीर होती : बहुतेक प्रकाश कृष्णवस्तूच्या रंगरेषेवर नेमके बसत नाहीत, ते तिच्या हिरव्या किंवा गुलाबी अंगाला थोडे सरकलेले असतात. अशा प्रकाशासाठी त्याच संस्थेतील रेमंड डेव्हिस यांनी १९३१ मध्ये जवळात जवळच्या तापमानाचे, म्हणजे 'सहसंबंधित रंगतापमाना'चे, माप वापरात आणले. म्हणूनच दोन पडद्यांचा आकडा ६,५०० असा सारखाच असूनही एक हिरवट आणि दुसरा गुलाबीसर दिसू शकतो. केवळ केल्विन सांगणे म्हणजे पांढऱ्याचा अर्धाच पत्ता सांगणे होय.

उरलेला अर्धा पत्ता १९३१ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या बैठकीत ठरला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात डब्ल्यू. डी. राइट यांनी १० आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी ७ निरीक्षकांवर स्वतंत्र प्रयोग केले होते. निरीक्षकासमोर, हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढे दिसणारे, म्हणजे दोन अंशांचे, एक लहानसे प्रकाशमान क्षेत्र असे. त्याच्या एका अर्ध्यात चाचणीचा रंग आणि दुसऱ्या अर्ध्यात लाल, हिरव्या व निळ्या किरणांचे मिश्रण दिसे, आणि मधली सीमारेषा नाहीशी होईपर्यंत त्या तिन्ही किरणांचे प्रमाण कमीजास्त केले जाई. या १७ जणांच्या जुळवणीतून 'प्रमाण निरीक्षक' नावाचा गणिती डोळा तयार झाला आणि कोणताही रंग नकाशावरील ठिकाणासारखा दोन निर्देशांकांत सांगण्याची सोय झाली. त्याच बैठकीत तीन प्रमाण प्रकाशही मान्य झाले : 'ए' हा २,८४८ केल्विनचा टंगस्टन दिवा, 'बी' हा दुपारच्या उन्हासारखा आणि 'सी' हा सरासरी दिनप्रकाशासारखा. शेवटचे दोन प्रकाश मिळवण्यासाठी टंगस्टन दिव्यापुढे मोरचूद आणि कोबाल्टच्या क्षारांची द्रावणे भरलेल्या काचेच्या पेट्या ठेवल्या जात. पुढे प्लांक यांच्या सूत्रातील एका स्थिरांकाची किंमत सुधारली गेली, तेव्हा दिवा तसाच राहून 'ए'चा आकडा २,८५६ झाला.

द्रावणांतून गाळलेल्या 'सी' प्रकाशात एक उणीव होती, आणि ती उघडी पाडली कापड व कागदाच्या उद्योगाने. वारंवार धुतलेले सुती कापड पिवळट पडते, म्हणून बादलीभर पाण्यात नीळ कालवून त्यात धोतरे, सदरे आणि चादरी बुडवून पिळण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत होती. निळीने कापडावरून परतणारा प्रकाश खरे तर किंचित घटतो, परंतु पिवळी झाक मारली जाते आणि कापड अधिक शुभ्र वाटते. निळसर पांढऱ्याला अधिक पांढरे समजण्याची डोळ्याची ही ओढ या सबंध इतिहासात पुनःपुन्हा दिसते. विसाव्या शतकाच्या मध्यास निळीच्या जोडीला प्रस्फुरणारी शुभ्रक द्रव्ये आली, ज्यांपैकी टिनोपाल हे नाव भारतीय घरांतही रुळले. ही द्रव्ये सूर्यप्रकाशातील अदृश्य अतिनील किरण शोषून त्यांचे निळसर प्रकाशात रूपांतर करतात, त्यामुळे त्यांचा परिणाम तपासायचा तर प्रमाण प्रकाशातही अतिनील किरण योग्य प्रमाणात हवेत, आणि 'सी' प्रकाशात ते फारच कमी होते. म्हणून डीन जड, डेव्हिड मॅकअ‍ॅडम आणि गुंटर विशेत्स्की यांनी कॅनडातील ओटावा, अमेरिकेतील रॉचेस्टर आणि इंग्लंडमधील एनफिल्ड येथे घेतलेल्या दिनप्रकाशाच्या एकूण ६२२ वर्णपटांचा अभ्यास करून १९६४ मध्ये दिनप्रकाशाची नवी मालिका मांडली. तिच्यातील सुमारे ६,५०० केल्विनचा 'डी ६५' हा पुढे प्रमाण ठरला, आणि स्थिरांकाच्या त्याच दुरुस्तीमुळे त्याचा नेमका आकडा आज ६,५०४ धरला जातो. ही तिन्ही ठिकाणे उत्तरेकडची, समशीतोष्ण आकाशाखालची होती. उष्ण कटिबंधातील उजेडाचे काय, हा प्रश्न दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील एस. आर. दास आणि व्ही. डी. पी. शास्त्री यांनी हाती घेतला आणि १९६५ पासूनच्या शोधनिबंधांतून दिल्लीच्या आकाशाची मोजमापे आंतरराष्ट्रीय अभ्यासकांपुढे ठेवली.

दरम्यान पांढऱ्याचा प्रश्न प्रयोगशाळेतून दिवाणखान्यात येऊन पोचला होता. अमेरिकेने डिसेंबर १९५३ मध्ये स्वीकारलेल्या रंगीत दूरचित्रवाणीच्या पद्धतीत 'सी' हा पांढरा धरला होता. युरोपच्या पॅल पद्धतीत 'डी ६५' रूढ झाला. आणि १९६० मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू करणाऱ्या जपानमध्ये पुढे ९,३०० केल्विनचा स्पष्ट निळसर पांढरा स्थिरावला. त्या काळच्या चित्रनलिकांमध्ये लाल प्रकाश देणारी पूड निस्तेज होती आणि पांढऱ्यात लालाचा वाटा कमी केला की तेवढ्याच विजेत पडदा अधिक उजळ दिसे, ही व्यावहारिक सोय निळसर पांढऱ्याच्या बाजूची होती. दुकानात शेजारी मांडलेल्या संचांत निळसर पडदाच अधिक लख्ख वाटे, ही दुसरी. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा भारताने पॅल पद्धती घेतली, आणि तिच्याबरोबर 'डी ६५' हे प्रमाणही भारतात आले. संगणकाच्या मॉनिटरांनी मात्र ९,३०० चा वारसा दीर्घकाळ जपला, आणि जुन्या मॉनिटरच्या मेनूत ९,३०० व ६,५०० हे दोन्ही पर्याय शेजारी शेजारी असत. या गोंधळाला आळा बसला तो ह्युलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सुचवलेल्या आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण झालेल्या 'एसआरजीबी' या रंगव्यवस्थेने, जिच्यात पडद्याचा पांढरा 'डी ६५' निश्चित केला आहे. छपाईचा व्यवसाय मात्र आजही सुमारे ५,००० केल्विनच्या 'डी ५०' प्रकाशात कागद तपासतो. पडद्यावर पाहिलेले मुखपृष्ठ छापून आल्यावर पिवळट भासते, त्यामागे या दोन करारांतील तफावत हेही एक कारण असते.

येथे व्हाइट बॅलन्स, म्हणजे श्वेतसंतुलन, आणि पडद्याचा श्वेतबिंदू यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. श्वेतसंतुलन हे कॅमेऱ्याचे काम आहे : लग्नाच्या हॉलमध्ये चित्रीकरण करणारा छायाचित्रकार सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर पांढरा कागद धरून बटण दाबतो, तेव्हा त्या उजेडात कागद पांढरा दिसेल अशा बेताने लाल, हिरव्या आणि निळ्या संकेतांना कॅमेरा वेगवेगळे गुणक लावतो. योहानेस फॉन क्रीस यांनी १९०२ मध्ये डोळ्याच्या अनुकूलनाचे जे स्पष्टीकरण दिले त्याचे तत्त्वही हेच होते. प्रत्येक प्रकारच्या ग्राहीची संवेदनशीलता स्वतंत्रपणे कमीजास्त होते, असे त्यांनी मांडले. पडद्याचे कर्तव्य याच्या उलट आहे : समोरचा उजेड कोणताही असो, आलेल्या संकेताचा रंग ठरलेल्या जागी उमटवणे.

मोबाइलच्या पडद्याला हे कर्तव्य अवघड जाते, आणि त्याची कारणे त्याच्या घडणीत आहेत. एलसीडी पडद्यामागचा पांढरा प्रकाश बहुधा निळ्या एलईडीवर प्रस्फुरक द्रव्याचा थर देऊन मिळवलेला असतो, आणि त्या थराच्या जाडीत किंचित फरक पडला तरी पांढऱ्याची छटा बदलते. ओएलईडी पडद्यात प्रत्येक बिंदू स्वतः प्रकाश देतो. तेथे निळे द्रव्य सर्वांत लवकर झिजते, आणि पडदा तिरका धरला की पांढऱ्याचा कल बदलू शकतो. म्हणून कारखान्यात पडद्यांचा पांढरा रंगमापकाने मोजून तो एक्स ०.३१२७ आणि वाय ०.३२९० या 'डी ६५'च्या निर्देशांकांजवळ आणण्यासाठी तिन्ही रंगांचे गुणक फोनच्या स्मृतीत लिहिले जातात. या दुरुस्तीला किंमत असते, कारण निळसर पांढऱ्याला ठिकाणावर आणायचे तर निळ्याची तीव्रता उतरवावी लागते आणि पडद्याची कमाल क्षमता तेवढी वाया जाते. पुष्कळ फोनांतील 'व्हिव्हिड' किंवा तत्सम नावाचा भडक पर्याय ६,५०० पेक्षा थंड ठेवलेला आढळतो, तो जपानी दूरचित्रवाणीचा आणि बादलीतल्या निळीचाच पुढचा अवतार होय.

अचूक पडदाही संध्याकाळी पिवळ्या बल्बखाली पांढऱ्या वहीशेजारी ठेवला तर निळा भासतो, कारण डोळा तोवर बल्बच्या उजेडाशी जुळलेला असतो. ही विसंगती घालवण्यासाठी अ‍ॅपलने मार्च २०१६ मध्ये आयपॅड प्रोवर 'ट्रू टोन' आणले, ज्यात भोवतालच्या उजेडाचा रंग मोजून पडद्याचा पांढरा त्याच्याकडे झुकवला जातो. रात्री पडदा पिवळसर करणाऱ्या सोयीचे मूळ वेगळे आहे. २००९ मध्ये आलेल्या 'एफ लक्स' या संगणकीय साधनाने ती लोकप्रिय केली, आणि देहाच्या घड्याळाशी निगडित असलेल्या, निळसर प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दृष्टिपटलातील पेशींचा २००२ मध्ये लागलेला शोध ही तिची पार्श्वभूमी होती. या दोन्ही सोयी 'डी ६५' पासून जाणूनबुजून दूर जातात; पहिली वाचणाऱ्याच्या डोळ्यासाठी, दुसरी त्याच्या झोपेसाठी.

एवढे करूनही एक भेग उरते. पडदा 'डी ६५'चे निर्देशांक गाठतो, त्याचा वर्णपट गाठत नाही; दिवसाच्या अखंड उजेडाऐवजी तेथे लाल, हिरवा आणि निळा असे तीन उंचवटेच असतात. असे दोन भिन्न वर्णपट सारखे दिसतात ते केवळ १९३१ च्या प्रमाण निरीक्षकाला, आणि त्या गणिती डोळ्याने निळ्या टोकाकडील संवेदनशीलता कमी धरली होती, हे जड यांनी १९५१ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे एलसीडी आणि ओएलईडीचे दोन फोन उपकरणाच्या मते तंतोतंत सारखे असूनही शेजारी धरल्यावर पाहणाऱ्याला वेगळे वाटू शकतात, आणि दोन पाहणाऱ्यांचेही त्यावर एकमत होईलच असे नाही. १७ जणांची सरासरी ही त्यांच्यापैकी कोणा एकाचीही दृष्टी नव्हती.

तरीही या प्रमाणाचे मोल कमी होत नाही. येवल्याच्या विणकराने पैठणीच्या पदराचे छायाचित्र पाठवले आणि ते दूरच्या गिऱ्हाइकाने आपल्या फोनवर पाहिले, तर काठावरचा मोरपिशी रंग निळा ठरणार की हिरवा, हे दोन्ही पडद्यांचा पांढरा एकाच जागी आहे की नाही यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. तो एका जागी असावा म्हणून टेडिंग्टनमध्ये सीमारेषा पुसेपर्यंत रंग जुळवणाऱ्या आणि ओटावापासून दिल्लीपर्यंत आकाश मोजत बसलेल्या माणसांनी जे श्रम घेतले, ते त्या पदराच्या काठापर्यंत पोचलेले आहेत.