सोलापूरचं पाणी, घरातला बॅरल आणि डेंग्यू

पावसाळ्यात डेंग्यूचं निदान सांगितलं की घरचे हमखास म्हणतात, “डॉक्टर, आमचं घर तर स्वच्छ आहे!” ते खरंही असतं. मग डास आला कुठून? उत्तर आपल्या शहराच्या इतिहासात आहे.

सोलापूर हा कमी पावसाचा मुलूख. इथे नगरपालिका १८५२ मध्येच आली. १८७१ मध्ये एकरूखचा, म्हणजे आपल्या हिप्परग्याचा तलाव पूर्ण झाला. तो मुख्यतः शेतीसाठी होता, पण पुढे शहराची तहानही त्यानेच भागवली. १८७७ मध्ये जुनी मिल निघाली, पाठोपाठ इतर गिरण्या आल्या. कामगारांच्या चाळी आणि विणकरांच्या पेठा भरत गेल्या. १९६४ मध्ये महापालिका झाली. पुढे हद्दवाढ झाली, नवी वस्ती आणखी लांब पसरली. आज शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून पाणी येतं, तरी नळाला ते रोज येत नाही. काही दिवसांआड येतं.

नळ रोज येत नसेल तर माणूस साठवणारच. हौद, रांजण, बॅरल, गच्चीवरची टाकी. डेंग्यूचा ‘एडिस’ डास गटारात नव्हे, अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. शिवाय अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि पाणी आटलं तरी काही महिने जगतात. आपण जुन्या पाण्यातच नवं पाणी भरतो आणि डासांची पैदास चालू राहते.

म्हणजे डेंग्यू हा केवळ घरच्या निष्काळजीपणाचा आजार नाही, तो पाण्याच्या वेळापत्रकाचाही आजार आहे. “आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा,” असं आम्ही डॉक्टर सहज सांगतो. पण पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसेल, तर भरलेला बॅरल कोण ओतून देईल?

तेव्हा दोन गोष्टी करा. नळ यायच्या दिवशी, पाणी भरण्याआधी, उरलेलं पाणी धुण्याभांड्याला वापरा आणि भांड्याची आतली कड ब्रशने घासा. भरल्यावर घट्ट झाकण लावा, नाहीतर कापड बांधा. दुसरी गोष्ट, नगरसेवक मत मागायला आले की रस्त्याबरोबर हेही विचारा: पाणी किती दिवसांआड येणार, आणि ठरल्या दिवशी येणार का? हा प्रश्न तुमच्या तब्येतीचा आहे.