विमान उडवायला पदवी लागते का?



नोएडातल्या आमच्या वसाहतीत माझ्यासारखे बरेच निवृत्त फौजी राहतात. मागच्या महिन्यात सकाळी फिरताना एका सुभेदार साहेबांनी मला गाठलं. मूळचे साताऱ्याकडचे. मुलगी बारावी सायन्स झाली आहे आणि तिला एअरलाइनमध्ये पायलट व्हायचंय. म्हणाले, "साहेब, खर्च पन्नास लाखांच्या वर सांगतात. गावची जमीन काढायची तयारी आहे. पण घरात रोज वाद. तिची आई म्हणते, आधी बी.एस्सी. कर, मग ऊड. पोरगी म्हणते, तीन वर्षं कॉलेजात घालवली तर मागे पडेन. तुम्ही सांगा, पदवी नसेल तर पुढे बढती अडते का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. फौजेत शिकवतात, आधी नकाशा पाहा, मग हुकूम द्या. तर आज तो नकाशा, म्हणजे या प्रश्नाचा इतिहास, आपण पाहू.

सुरुवात दिल्लीतूनच करू. अरविंद मार्गावरून जाताना सफदरजंगची जुनी धावपट्टी लागते. इंग्रजांच्या काळात तिचं नाव विलिंग्डन एअरफिल्ड. 1928 साली दिल्ली फ्लाइंग क्लब निघाला. मुंबई, कराची आणि कलकत्त्याचे क्लबही त्याच सुमाराचे. परवाना द्यायचा तर मोजले जायचे उड्डाणाचे तास आणि पाहिलं जायचं ते परीक्षकासमोरचं उड्डाण. बी.ए. की मॅट्रिक, हा मुद्दा नव्हता.

भारतात दिलेला पहिला परवाना 10 फेब्रुवारी 1929 रोजी जे.आर.डी. टाटांना मिळाला. त्यांना केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकायचं होतं, पण वडिलांनी 1925 मध्ये मुंबईला बोलावून घेतलं आणि पदवी राहिली ती राहिलीच. त्याच जे.आर.डीं.नी 15 ऑक्टोबर 1932 रोजी पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. पुढे एअर इंडिया झाली ती त्यातूनच. बिजू पटनाईकांनी कटकच्या रेव्हनशॉ कॉलेजातलं शिक्षण अर्धवट सोडलं आणि दिल्ली फ्लाइंग क्लबात उड्डाण शिकले. 1947 मध्ये डचांची नाकेबंदी चुकवून इंडोनेशियाचे नेते सुतान शारिर यांना डाकोटातून बाहेर काढणारे हेच बिजूबाबू.

आम्हा फौजींना 27 ऑक्टोबर 1947 ही तारीख विसरता येत नाही. त्या पहाटे लेफ्टनंट कर्नल रणजित राय यांची 1 शीख पलटण दिल्लीहून श्रीनगरला उडाली. वायुदलाची विमानं पुरेशी नव्हती, म्हणून खाजगी कंपन्यांचे डाकोटा आणि त्यांचे मुलकी पायलट कामाला लागले. खाली श्रीनगरची धावपट्टी आपल्या हातात आहे की शत्रूच्या, याची खात्री नव्हती. काश्मीर वाचवण्यात या मुलकी पायलटांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही.

आणखी एक नाव मराठी घरात माहीत असायलाच हवं. कॅप्टन डी. के. जटार. 11 एप्रिल 1955. बांडुंग परिषदेला निघालेल्यांना घेऊन त्यांचं 'काश्मीर प्रिन्सेस' हे विमान हाँगकाँगहून उडालं. घातपात्यांनी त्यात टाइमबॉम्ब ठेवला होता. समुद्रावर असताना स्फोट झाला आणि पंख पेटला. जटारांनी जळतं विमान पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला. सोळा जण गेले, जटारही गेले. तिघे वाचले, त्यात अनंत कर्णिक हे आपले इंजिनिअर होते. या कर्मचाऱ्यांच्या शौर्याचा गौरव अशोक चक्राने झाला.

आता आजचे नियम. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत व्यावसायिक परवान्याला दहावी पुरत असे. त्यानंतर बारावी आणि तीही फिजिक्स-गणितासह, अशी अट आली. बारावीला हे विषय नसलेली मुलं ते नंतर एन.आय.ओ.एस.मधून देतात, तिचं मुख्यालय इथेच, नोएडात आहे. व्यावसायिक परवान्याला वय अठरा आणि उड्डाणाचे 200 तास लागतात. कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल हवा. त्याला वय एकवीस आणि 1500 तास. शिवाय नेव्हिगेशन, हवामान, नियम आणि तांत्रिक विषयांच्या परीक्षा, मेडिकल आणि सिम्युलेटरच्या चाचण्या. या सगळ्या पायऱ्यांमध्ये पदवी कुठेही नाही.

अमेरिकेत काय? तिथे 2009 मध्ये बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळलं, पन्नास माणसं गेली. त्यानंतर 2013 पासून सहवैमानिकालाही 1500 तासांची अट लागली. मात्र मान्यताप्राप्त विद्यापीठाची विमानचालनातली चार वर्षांची पदवी असेल तर 1000 तास पुरतात, आणि फौजी पायलटाला 750. म्हणजे पदवीला तिथे किंमत आहे, पण ती तासांत मोजलेली. डेल्टासारखी मोठी कंपनी चार वर्षांची पदवी मागायची, तिनेही जानेवारी 2022 मध्ये ती सक्ती काढली.

मग सुभेदार साहेबांच्या घरातली आई चुकली का? नाही. आता मी माझ्याबद्दल सांगतो.

माझी पदवी जे.एन.यू.ची आहे. ती मिळाली खडकवासल्याला, एन.डी.ए.त. जे.एन.यू.चं आवार मी तेव्हा पाहिलंही नव्हतं. कंपनी सांभाळताना, बर्फात चौकीवर असताना ते प्रमाणपत्र ट्रंकेत पडून होतं. जवानांनी माझा हुकूम मानला तो त्या कागदामुळे नव्हे. पण वर्दी उतरवली आणि मुलकी नोकरीचा पहिला अर्ज भरायला बसलो, तेव्हा पहिल्याच रकान्यात विचारलं होतं, 'शैक्षणिक पात्रता'. त्या दिवशी ट्रंक उघडली.

पायलटाची वर्दी तर आमच्याहून बेभरवशाची. एका मेडिकलमध्ये साखर किंवा हृदयाचा ठोका चुकला की कॉकपिट बंद. कंपनी बुडाली तरी तेच. 2012 मध्ये किंगफिशर, एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज, मे 2023 मध्ये गो फर्स्ट जमिनीवर आली. हजारो तासांचे पायलट घरी बसले. उड्डाण थांबलं की हाच माणूस व्यवस्थापनाच्या किंवा दुसऱ्या धंद्यातल्या नोकरीसाठी रांगेत उभा राहतो. तिथे शेजारचा उमेदवार पदवीधर असतो आणि हा कागदावर फक्त बारावी.

म्हणून मी सुभेदार साहेबांना सांगितलं, कॅप्टनपदासाठी पदवीची गरज नाही, त्यामुळे पोरीला तीन वर्षं थांबवू नका. एअरलाइनमध्ये ज्येष्ठता रुजू झाल्यापासून धरतात, आणि एका दिवसाच्या ज्येष्ठतेची किंमत तुम्हा-आम्हाला वेगळी सांगायला नको. मात्र पदवी सोडूही नका. दिल्लीचं इग्नू आहे, नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. उड्डाण शिकताना, नोकरीची वाट पाहताना घरी बसून ती होते. आणि जमिनीला हात लावण्याआधी पोरीचं क्लास वन मेडिकल करून घ्या. त्यात अडलं तर पन्नास लाख वाचतील.

लढाईत सगळी पलटण पहिल्या फळीत लावत नाहीत, थोडी कुमक मागे राखून ठेवतात. ती वापरावी लागली नाही तर आनंदच आहे. पदवी ही पायलटाची राखीव कुमक समजा.

सुभेदार साहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे साहेब, मायलेकी दोघी बरोबर आहेत. हे घरी कसं सांगू?" ती मोहीम मात्र मी त्यांच्यावरच सोपवली.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.