थप्पी, पॅलेट आणि पाबळ

मराठी वाचकाला पाबळ ठाऊक असते ते मस्तानीमुळे. शिरूर तालुक्यातल्या या गावी तिची कबर आहे. ती १७४० साली वारली, आणि ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ वाचून ती कबर पाहायला जाणारे आजही भेटतात. प्रस्तुत लेखात आम्ही पाबळकडे वळतो ते वेगळ्याच कारणाने. हा टापू पर्जन्यछायेचा, ज्वारी-बाजरीचा. येथे पेशवाईच्या खुणा शोधणाऱ्याच्या नजरेतून एक गोष्ट सहज निसटते, ती म्हणजे कडब्याची गंजी. पेंढ्यांचे बुडखे बाहेर आणि शेंडे आत, वर उतरता माथा, म्हणजे पावसाचे पाणी आत न मुरता ओघळून जाते. ती रचणाऱ्याला कोणी आराखडा काढून दिलेला नसतो. पण आराखडा नसतो असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

एकावर एक वस्तू ठेवण्याच्या क्रियेसाठी मराठीत किती नेमके शब्द आहेत हे पाहण्याजोगे आहे. धान्याची रास, कडब्याची गंजी, भाकऱ्यांची चवड, मडक्यांची उतरंड, पोत्यांची थप्पी. ढीग तेवढा वेगळा, कारण ढिगाला रचना नसते. तो ‘पडतो’ किंवा ‘साचतो’. थप्पी मात्र ‘लावावी’ लागते. या क्रियापदातच नियोजन आले. तरीही हीच भाषा थप्पी लावणाऱ्याच्या बाबतीत कृपण होते. ‘नुसती हमाली’ म्हणजे डोके न लावता केलेले काम. ‘भारवाही’ म्हणजे जे वाहतो त्याचे मर्म न जाणणारा. आधुनिक मराठी साहित्याने हमालाचे ओझे पाहिले, घाम पाहिला, त्याची उपासमार पाहिली. हे ऋण मोठे आहे. परंतु त्याची थप्पी, म्हणजे त्याच्या कामातली बुद्धी, क्वचितच पाहिली, असे आमचे वाचन सांगते.

ही बुद्धी कशात असते? गोदामातली पोत्यांची थप्पी प्रथम जमिनीपासून सुटी करावी लागते. खाली लाकडी फळ्या वा चौकटी, नाहीतर ओल चढते. भिंतीपासून वाट सोडावी लागते, हवेसाठी आणि माणसाच्या फिरण्यासाठी. पहिल्या थरातली पोती ज्या दिशेने आडवी, त्याच्या वरच्या थरातली काही त्याला काटकोनात, म्हणजे गवंडी विटांचे सांधे मोडतो तसे सांधे मोडले जातात आणि पोती एकमेकांना धरून राहतात. वर जाताना कडा किंचित आत घ्यायच्या. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे थप्पी मोजता आली पाहिजे: एका थरात किती आणि थर किती, एवढ्या गुणाकारावर गोदामपालाची वही जुळली पाहिजे. मोडतानाही वरून पायरीपायरीने उतरायचे. मधलेच पोते ओढले तर थप्पी अंगावर येते. पूर्वी सर्रास १०० किलोचे पोते असे. पुण्यात बाबा आढावांनी १९५०च्या दशकात हमाल पंचायत उभी केली, आणि पोत्याचे वजन कमी व्हावे ही पुढे हमालांच्या चळवळीची एक प्रमुख मागणी राहिली. आज धान्य आणि सिमेंट यांचे ५० किलोचे पोते रूढ आहे. पोते हलके झाले की ते लहान होते, थरातली संख्या आणि थरांची उंची दोन्ही बदलतात. चळवळीच्या इतिहासात वजनाची नोंद होते, थप्पीची भूमिती बदलली याची होत नाही.

मुंबईच्या दाणाबंदरात, मशीद बंदरात हे काम टोळ्यांनी चाले. टोळीत मुकादम आणि त्याच्या हाताखाली सातारा, पुणे जिल्ह्यांच्या डोंगरी भागातून आलेली माणसे. त्यांना संघटित केले अण्णासाहेब पाटलांनी. या लढ्यातून ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम, १९६९’ हा कायदा आला. नेमका मालक कोण हे सांगता येत नाही अशा कामगाराला मंडळाच्या मार्फत मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा मिळावी, ही त्यामागची कल्पना. साहित्याच्या अभ्यासकाने या कायद्याची अनुसूची एकदा वाचावी असे आम्ही सुचवू. तीत माल चढवणे, उतरवणे, रचणे, वाहणे, तोलणे, मोजणे अशी कामे एकामागून एक नोंदलेली आहेत. म्हणजे ‘रचणे’ हे ‘वाहणे’ यापासून कायद्याने वेगळे ओळखले. भाषेने ‘हमाली’ या एकाच शब्दात कोंबलेले काम विधिमंडळाने सोडवून मांडले, याची गंमत वाटते आणि थोडी खंतही.

दरम्यान समुद्रापलीकडे वेगळेच काही घडत होते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने रसद हलवण्यासाठी फोर्कलिफ्ट आणि पॅलेट यांचा प्रचंड प्रमाणावर वापर केला. पॅलेट म्हणजे फळ्यांची बैठक, जिच्या पोटात यंत्राचे दाते शिरतील एवढी पोकळी ठेवलेली असते. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. मुंबईसमोर न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि कंटेनर आपल्या दाराशी आला. गोदामाची जमीन थप्पीला हवी तेवढी पसरू देत असे. पॅलेटने तिला चौकट घातली. आपल्याकडे १२० × १०० सेंटिमीटर हे माप फार रूढ आहे. आता प्रश्न ‘कशी रचू’ एवढाच उरला नाही, ‘या चौकटीत जास्तीत जास्त किती’ असा झाला.

एक साधे उदाहरण घेऊ. खोक्याचा तळ ४० × ३० सेंटिमीटर. सगळी खोकी एकाच दिशेने ठेवली तर पॅलेटवर तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ बसतात आणि दहा सेंटिमीटरची पट्टी वाया जाते. सगळी फिरवून ठेवली तर चार गुणिले दोन, आठच. पण एक ओळ चार उभ्या खोक्यांची आणि दोन ओळी तीन-तीन आडव्या खोक्यांच्या केल्या की दहा बसतात आणि बोटभरही जागा उरत नाही. दुसरे उदाहरण आम्हाला अधिक आवडते. बैठक एक मीटर चौरस, खोके ६० × ४०. सरळ ओळींत दोन, ओळी मिसळून तीन. परंतु भिरभिऱ्याच्या पात्यांसारखी चार खोकी एकमेकांभोवती फिरवली, तर चारही बसतात आणि मधोमध २० सेंटिमीटरचा चौकोनी हौद रिकामा राहतो. मध्ये पोकळी सोडल्यामुळे कडेला जागा मिळते, हे कागदावर पटकन सुचत नाही. हातात खोकी असली तर लवकर सुचते.

गणिताने या प्रश्नाला हात घातला तो कापण्याच्या बाजूने. लेनिनग्राडमध्ये लिओनिद कँटोरोविच यांनी १९३९ मध्ये उत्पादनाच्या नियोजनावर जी पुस्तिका लिहिली, तिच्यात कच्चा माल कमीत कमी वाया जाईल असा कसा कापावा हाही प्रश्न होता. १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले. गिलमोर आणि गोमोरी यांनी १९६१ मध्ये हा कापण्याचा प्रश्न सोडवण्याची व्यवहार्य रीत दिली. फळीतून तुकडे कापणे आणि चौकटीत खोकी बसवणे हे गणिताच्या दृष्टीने सख्खे भाऊ. पुढे संगणक आला, आणि थराचे चित्र छापून गोदामाच्या भिंतीवर चिकटवले जाऊ लागले.

येथे मात्र पोत्याचे शहाणपण खोक्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. पोते सांधे मोडून लावले की थप्पी पक्की होते. पुठ्ठ्याच्या खोक्याची ताकद त्याच्या चार कोपऱ्यांत असते. कोपऱ्यावर कोपरा आला तर भार सरळ खाली उतरतो. थर आडवेतिडवे केले तर वरचा कोपरा खालच्या खोक्याच्या मऊ पोटावर टेकतो आणि ताकद निम्म्यापर्यंत घटू शकते. पॅलेटच्या कडेबाहेर खोके लोंबले तरी तीच गत. म्हणजे स्थैर्य हवे तर सांधे मोडा, ताकद हवी तर सांधे जुळवा. द्राक्षांच्या निर्यातीत याला तिसरी अट जोडली जाते. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ उभारली. त्यानंतर नाशिक-सांगलीची, आमच्या जुन्नरचीही द्राक्षे आधी गार करून, खोक्यांत भरून, पॅलेटवर चढवून युरोपकडे जाऊ लागली. शीत कंटेनरमध्ये गार हवा तळातून वर येते. खोक्यांची छिद्रे एकाखाली एक आली नाहीत, तर ती मधल्या घडांपर्यंत पोहोचतच नाही. छिद्रे जुळवायची म्हणजे खोकी सरळ रांगेत. सरळ रांग डळमळते, म्हणून कोपऱ्यांना उभ्या पट्ट्या आणि भोवती आवळलेला पट्टा. शिवाय २००२ पासून लाकडी पॅलेटलाच जणू परवाना लागतो: लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवल्याचा शिक्का, कीड परदेशी जाऊ नये म्हणून.

भिंतीवरच्या त्या चित्राने काम सोपे केले हे खरे. पण त्याने एक विभागणीही केली. रचना ठरवणारा एकीकडे, रचणारा दुसरीकडे. मुकादमाच्या टोळीत या दोन गोष्टी एकाच अंगात होत्या. एकाच मापाची खोकी असतील तेव्हा चित्र पुरते. परंतु दहा दुकानांचा दहा मापांचा माल एका गाडीत चढवायचा असेल, शेवटी उतरायचा तो आधी भरायचा असेल, आणि त्यात दोन खोकी ओलसर निघाली असतील, तर चित्र थबकते आणि कोणातरी अनुभवी माणसाला हाक मारली जाते. त्या माणसाच्या पगाराच्या पावतीवर या जाणतेपणाचा रकाना नसतो.

पाबळचे दुसरे कारण आता सांगता येईल. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये येथे विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलांना वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज यांची कामे करत करत शिकवायची, आणि ती करताना आधी रेखाचित्र काढायचे, सामानाचा अंदाज करायचा, खर्च मांडायचा, असा हा क्रम. रचना ठरवणारा आणि रचणारा एकच असावा, एवढेच त्याचे मर्म आम्हाला दिसते. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर येथे ‘पाबळ डोम’ विकसित झाला: बकमिन्स्टर फुलर यांच्या भूमितीतून आलेले त्रिकोणी जाळीचे घुमट, पण पाना हातात घेऊन गावच्या मुलांनी उभे करता येतील असे. २००२ मध्ये येथेच एमआयटीच्या प्रेरणेने फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी ती एक. कलबाग २००३ मध्ये वारले. पॅलेट रचणे हा काही तेथला अभ्यासविषय नव्हे, आणि आम्ही तसे भासवू इच्छित नाही. पण जो प्रश्न गोदामात अनुत्तरित राहिला, तोच तेथे शिक्षणाचा प्रश्न म्हणून मांडला गेला.

पाबळपासून फार दूर नाही असे चाकण-शिकरापूर आणि रांजणगाव आज कारखान्यांनी आणि गोदामांनी भरले आहे, आणि पॅलेट तिथल्या रोजच्या बोलण्यातला शब्द झाला आहे. उत्तरेला नारायणगावच्या बाजारात टोमॅटो मात्र पॅलेटवर चढत नाही. तो वीस किलोच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये येतो, ज्याला शेतकरी ‘कॅरेट’ म्हणतात. या कॅरेटच्या काठाला खाच असते, आणि वरच्याचा तळ तिच्यात अचूक बसतो. रचनेचा आराखडा येथे साच्यातच ओतलेला आहे. तरी पिकअपमध्ये चढवताना पिकलेला माल वर आणि कच्चा खाली, हे अजून कोणीतरी माणूसच ठरवतो.