पाडणे, राखणे आणि डागडुजी

कोणत्याही शहराचा इतिहास लिहू लागले असता काय बांधले गेले याची नोंद सहज सापडते. काय पाडले गेले याची नोंद मात्र शोधावी लागते. कोनशिलेवर उभारणाऱ्याचे नाव कोरलेले असते, परंतु जी वास्तू हलवून ती कोनशिला बसविली, तिचा उल्लेख तेथे नसतो. दीडशेहून अधिक वर्षे सतत मोडली व पुन्हा बांधली जात असलेल्या मुंबईविषयी बोलताना ही उणीव विशेष जाणवते. जुन्या इमारती राखाव्यात की त्यांच्या जागी नव्या उभाराव्यात, हा वाद आज तेथे घरोघर चालतो; आणि त्यातील एक पक्ष भावनेचा व दुसरा व्यवहाराचा, असे आपण बहुधा गृहीत धरतो. मुंबईतील पाडापाडीचा इतिहास क्रमाने पाहिला असता ही वाटणी टिकत नाही. कित्येक वास्तू पाडणाऱ्यांच्या हातून गेल्या नाहीत आणि राखणाऱ्यांच्या हाती राहिल्या नाहीत. दोघांच्या मध्ये जे काम कोणाचेच नव्हते, त्याच्या अभावी त्या गेल्या.

प्रथम तटाची हकीकत पाहू. इंग्रजांनी अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या वस्तीभोवती तट उभारला. त्यास अपोलो, चर्च व बाजार असे तीन दरवाजे होते. इ. स. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतल्यावर मुंबईत जी धास्ती पसरली, तिच्यापायी शहरातील व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये वर्गणी जमवून तटाबाहेर खंदक खणविण्यास मदत केली. ज्या मराठ्यांच्या भयाने खंदक खणला, त्यांचे राज्य १८१८ मध्ये गेले. पुढे तटाचे प्रयोजन उरले नाही. उलट आतील वस्ती दाटत गेली, हवा कोंडली, आणि वाढत्या व्यापारास दरवाजे अरुंद वाटू लागले. १८०३ च्या मोठ्या आगीने कोटातील दाटीचा धोका पूर्वीच दाखवून दिला होता. शेवटी १८६२ मध्ये सर बार्टल फ्रियर गव्हर्नर होऊन आल्यावर तट पाडण्याचे काम हाती घेण्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास अपूर्व भाव आलेला होता. शहरात पैसा होता आणि उतावळेपणाही होता. गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ हे पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे जुनी मुंबई अशी डोळ्यांदेखत पालटत असतानाच, प्रसिद्ध झाले.

तट गेल्याने जी जागा मोकळी झाली, तिच्यावर व तिच्या आसपास पुढील पंचवीसतीस वर्षांत नवे शहर उभे राहिले. सचिवालयाची इमारत १८७४ मध्ये, उच्च न्यायालय व विद्यापीठाचा राजाबाई मनोरा १८७८ मध्ये, बोरीबंदरचे रेल्वे स्थानक १८८८ मध्ये आणि महापालिकेची इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. आज जतनाची गोष्ट निघाली की प्रथम बोट जाते ते याच इमारतींकडे. बोरीबंदरचे स्थानक २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडील या दगडी इमारती आणि पश्चिमेकडील विसाव्या शतकातील आर्ट डेको घरे मिळून २०१८ मध्ये त्याच मानास पात्र ठरली. म्हणजे आजचा वारसा हा कालच्या पाडापाडीचा वारस आहे. दरवाजा गेला, तरी ‘चर्चगेट’ हे नाव स्थानकास राहिले. किल्ला गेला, तरी ‘फोर्ट’ राहिला. आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात जुन्या किल्ल्याचा एक लहानसा अवशेष तेवढा दिसतो.

यावरून कोणी असा सिद्धांत काढील की, जुने पाडल्यावाचून नवे वैभव येत नाही, सबब पाडणाऱ्यास अडवू नये. हा सिद्धांत घाईचा होईल. तट ही निर्जन वास्तू होती. त्यात कोणाचा संसार नव्हता, कोणाची चूल नव्हती. तो पडला तेव्हा कोणी बेघर झाले नाही. पुढची पाडापाडी अशी नव्हती.

१८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा प्रादुर्भाव झाला. उजेडावाचूनच्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि एकमेकांस चिकटलेली घरे हेच रोगाचे मूळ, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची समजूत होती. पिसवांचे कार्य अद्याप सर्वमान्य झाले नव्हते. १८९८ मध्ये कायदा होऊन मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला. गलिच्छ वस्त्या ताब्यात घेऊन पाडणे, समुद्रावरची हवा शहरात खेळावी म्हणून रुंद रस्ते काढणे, आणि उठविलेल्या लोकांसाठी आरोग्यदायक घरे बांधणे अशी कामे त्याजकडे आली. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे त्याच उद्योगाचे फळ होय. दादर-माटुंग्याच्या झाडांनी भरलेल्या, नीट आखलेल्या वसाहतीही त्यानेच घडविल्या, आणि त्याबद्दल त्यास श्रेय दिलेच पाहिजे. परंतु पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांची घरे गेली त्यांची कामे मात्र गोदीत, बाजारात व गिरणीत तेथेच होती. ते दादरास कसे जाणार? ते शेजारच्या गल्लीत शिरले, आणि ती गल्ली पूर्वीपेक्षा अधिक दाटली. एका ठिकाणची दाटी मोडून ती दुसऱ्या ठिकाणी नेली, एवढेच पुष्कळदा घडले.

ट्रस्टने कामकऱ्यांसाठी ज्या चाळी बांधल्या, त्यांत परळची एक चाळ आहे. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अनेक वर्षे वास्तव्य होते. आणि पुढे त्यांनी आपले ‘राजगृह’ बांधले तेही ट्रस्टने आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीत. १९२० मध्ये सरकारने स्थापन केलेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्या बी. डी. डी. चाळी म्हणून प्रसिद्ध आहेत. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, आणि शौचकूप मजल्याच्या टोकास सामाईक. वास्तुकलेच्या दृष्टीने यांत पाहण्यासारखे काही नाही. परंतु राजाबाई मनोऱ्याच्या घंटेने जितका काळ मोजला असेल, तितकाच या चाळींच्या जिन्यांनीही मोजला आहे. कोकणातून व घाटावरून आलेला गिरणीकामगार येथे राहिला. येथून संप झाले, भजनी मंडळे निघाली. गिरगावच्या केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ मध्ये सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला, तोही अशाच सामाईक अंगणाच्या आधाराने.

या चाळींचे व जुन्या भाड्याच्या घरांचे पुढे काय झाले, येथे खरी गोष्ट आहे. महायुद्धानंतर शहरात घरांची टंचाई असताना १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे असेल ते प्रमाण धरण्यात आले. हेतू सर्वथा योग्य होता. त्या कायद्यावाचून हजारो कुटुंबे रस्त्यावर आली असती. परंतु तात्पुरती म्हणून केलेली ही व्यवस्था दशकानुदशके चालली. भाडे जेथल्या तेथे राहिले आणि विटा, चुना, सिमेंट व मजुरी यांचे भाव मात्र वाढत गेले. मालकाने मग दुरुस्ती सोडली. भाडेकरू म्हणे, घर माझे नव्हे. मालक म्हणे, उत्पन्न माझे नव्हे. या दोन वाक्यांच्या मध्ये तुळया कुजत गेल्या.

१९६९ मध्ये सरकारने दुरुस्तीसाठी निराळे मंडळ नेमले आणि उपकर बसविला. त्या वेळी उपकरास पात्र ठरलेल्या इमारतींची संख्या १९,६४२ होती. एवढा मोठा पसारा आणि हाती येणारा पैसा यांचा मेळ कधीच बसला नाही. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने असा मार्ग काढला की, जुन्या इमारतीच्या जागी नवी बांधणाऱ्याने मूळ भाडेकरूंस विनामूल्य घरे द्यावीत आणि त्याबद्दल त्यास जादा बांधकामाची परवानगी मिळावी. ते जादा क्षेत्र विकून त्याने आपला खर्च व नफा काढावा. यामुळे कित्येक कुटुंबांस स्वतःचे न्हाणीघर प्रथमच मिळाले, हे नाकारता येणार नाही. परंतु त्याचबरोबर एक विपरीत हिशेब जन्मास आला. उभी असेपर्यंत इमारत सर्वांस ओझे, आणि पाडण्याजोगी झाली की सोने! अशा स्थितीत तिची गळती वेळेवर कोण थांबवील?

१९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा नियमावली झाली. देशातील या प्रकारची ती पहिली. इमारतींच्या श्रेणी ठरल्या, आणि अनेक उत्तम वास्तू कुदळीपासून वाचल्या. तथापि नियम कुदळ अडवू शकतो. गळती अडवू शकत नाही. काळा घोड्याजवळील वॉटसनचे हॉटेल हे याचे दुःखद उदाहरण होय. इंग्लंडात ओतलेल्या लोखंडी खांबांवर उभारलेल्या या इमारतीत ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र दाखविले गेले, आणि तेथूनच हिंदुस्थानात सिनेमाचा आरंभ झाला. वारशाच्या यादीत तिचे नाव आहे. तरी खोल्यांच्या खोल्या होत गेल्या, भाडेकरूंवर भाडेकरू आले, २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळला, आणि २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करावी लागली.

आणि जेथे असे नाव नसते तेथे काय होते, ते भेंडीबाजाराने पाहिले. तेथील सुमारे अडीचशे जुन्या इमारती एकत्र पाडून नव्याने बांधण्याची योजना चालू होती. त्यांपैकी हुसैनी इमारतीतून काही कुटुंबे बाहेर पडली होती, काही राहिली होती. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी ती कोसळली आणि तीसहून अधिक माणसे गेली. ती कोणी पाडली नाही आणि कोणी राखलीही नाही. पाडण्याची वाट पाहत असता ती पडली.

चाळीतील माणसास ‘तुमची चाळ हा वारसा आहे, ती मोडू नका’ असे चाळीबाहेरच्याने सांगणे यांत काहीसा उद्धटपणा आहे. पहाटे बालदी घेऊन रांगेत जो उभा राहतो, त्यास पाचशे चौरस फुटांचे घर हवेसे वाटले तर तो इतिहासाचा द्रोही ठरत नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या काही कुटुंबांस २०२५ मध्ये अशा नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. त्यांच्या आनंदात खोट काढण्याचे कारण नाही. पण उंच इमल्यात लिफ्ट बंद पडली, पाण्याचा पंप बिघडला, मासिक खर्चाची वर्गणी झेपेनाशी झाली, तर ते कोणी पाहावयाचे, हा प्रश्न किल्लीबरोबरच हाती येतो. तो आज सोडविला नाही, तर ही नवी घरेही तीसचाळीस वर्षांत त्याच रांगेत येऊन उभी राहतील.

आपल्याकडे घर शाकारणे हे दरवर्षीचे काम होते. पावसाळ्यापूर्वी कौले परतली जात, भिंतींस गिलावा होई, वाळवी लागलेला वासा बदलला जाई. ते कोणास पराक्रम वाटत नसे, आणि त्याची कोनशिलाही कोणी बसविली नाही. परंतु शेकडो वर्षांची घरे टिकली ती त्या कामामुळे. मुंबईच्या वादात पाडणाऱ्यांस बोलावयास पुष्कळ आहेत, राखणाऱ्यांसही आहेत; डागडुजीची बाजू घेणारा मात्र विरळा. कोणतीही जुनी वास्तू पाहून ‘ही पाडावी की राखावी’ असे विचारण्यापूर्वी आणखी एक प्रश्न विचारला जावा: येत्या पावसाळ्यापूर्वी हिचे छप्पर कोण शाकारणार, आणि कोणाच्या पैशाने? त्याचे उत्तर ज्या शहराजवळ आहे, त्यास काय पाडावे हे शांतपणे ठरविता येईल. ज्याजवळ ते नाही, त्याच्यासाठी तो निर्णय दरवर्षी पाऊसच करीत राहील.